‘बाबा, कुठल्या मुलांना?’

प्रिय भाऊ,

शिबिराला जावं की नाही, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला तारीख आहे. जाऊ नका. पाच दिवस नाही, एक दिवसही नाही, ‘उद्घाटनाला तोंड दाखवून रात्री परत’ असंही नाही. कारणं पुढे येतीलच, पण हा निर्णय घ्यायला ती वाचून संपवायची गरज नाही.

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही सहा वर्षं पूर्णवेळ कॅम्पसवर, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये, ख्रिस्ती सेवा करताय. घरी अडीच वर्षांचा मुलगा आहे. पत्नीचे दिवस भरत आलेत आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी वार्षिक शिबिराच्या आठवड्यात येते. वरिष्ठांनी ‘प्रार्थना करून ठरवा’ म्हणत निर्णय तुमच्यावर सोडलाय. पत्नी म्हणाली, ‘देवाची इच्छा असेल तर जा, मी काय बोलणार?’ या वाक्यानं तुमची झोप उडाली आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी मोठा प्रश्न आहे तो असा, की विद्यार्थ्यांमधली सेवा आणि संसार यांचा समतोल राखायचा कसा?

मी या कामात २७ वर्षं आहे. पहिली १४ प्रत्यक्ष कॅम्पसवर गेली, नंतरची बहुतेक तुमच्यासारख्या सेवकांबरोबर. सुरुवातीची बरीच वर्षं मला हे जमलं नाही आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली. म्हणून जे लिहितोय ते सावकाश वाचा.

पत्नीच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करू. तुम्ही दुसऱ्या कुठल्या नोकरीत असता तर ती भांडली असती. ‘तुमच्याशिवाय ऑफिस चालत नाही का?’ असं तोंडावर म्हणाली असती आणि तुम्हीही चार शब्द बोलून मोकळे झाला असता. सेवेबद्दल असं बोलायची सोय नसते. साहेबाविरुद्ध बोलता येतं, देवाविरुद्ध कसं बोलणार? त्यामुळे सेवकाच्या घरातली तक्रार बाहेर येत नाही, आत उतरत जाते. मग कधी ती सततची डोकेदुखी होऊन दिसते, कधी रविवारी उपासनेला जायचा कंटाळा होऊन. ‘मी काय बोलणार’ ही परवानगी नाही. तिनं बोलणं सोडून दिलंय, एवढाच त्याचा अर्थ आहे. तुमची झोप उडाली हे चांगलं झालं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, जे सुनावतो ते तुम्हाला पाठ असेल. आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलं, असं एकदा म्हटलं की त्यांच्यासाठी काही करायची जबाबदारी उरत नसे. अर्पण देवालाच होतं, शब्द पवित्र होता, आणि तरी येशू म्हणतो की अशानं तुम्ही देवाचं वचन रद्द करता. मी हा उतारा विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा शिकवला. माझ्या मुलीच्या झोपायच्या वेळेला मी रोज रात्री ‘कुर्बान’ म्हणत होतो, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली.

आपल्या कामात एक शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो: ‘मुलं’. मुलांना भेटून येतो. आज मुलांचा बायबल अभ्यास आहे. मुलं घरी येणार आहेत. माझी मुलगी पाच वर्षांची होती. एका संध्याकाळी मी दारात बसून बूट घालत होतो. कुठे निघालात म्हणून तिनं विचारलं, मी म्हणालो, ‘मुलांना भेटायला.’ ती म्हणाली, ‘बाबा, कुठल्या मुलांना?’ टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं, तिला खरंच माहिती हवी होती. मी दोन नावं सांगितली. तिनं मान डोलावली, माझा दुसरा बूट कोपऱ्यातून उचलून आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. मी गेलो. त्या भेटीत काय बोललो ते आज आठवत नाही. तो बूट आठवतो.

(ही आठवण मी तिला विचारून लिहिली आहे. त्याबद्दलही सांगायचं आहे, पुढे येईल.)

‘समतोल’ या शब्दाबद्दल माझी एक अडचण आहे. समतोल म्हटलं की तराजू डोळ्यांपुढे येतो, एका पारड्यात देवाचं काम आणि दुसऱ्यात बायकोमुलं. अशा तराजूत घर कधीच जड भरणार नाही, कारण समोरच्या पारड्यात आपण देवाला बसवलेलं असतं. ही मांडणीच चुकीची आहे. विद्यार्थी हे देवानं सोपवलेलं काम आहे आणि घर हेही त्यानंच सोपवलेलं काम आहे. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौल तर क्रमही सांगतो. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, काळजी कशी घेईल, असं तो विचारतो. म्हणजे घर ही सेवकाची सुट्टी नव्हे. माणूस सेवेला लायक आहे की नाही, हे तिथेच दिसतं.

तरीही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं की कॅम्पसचं काम घराशी जात्याच विसंगत आहे. पाळकालाही वेळी-अवेळी बोलावणं येतं, पण त्याच्या मंडळीत म्हातारी माणसं असतात, लेकुरवाळी घरं असतात, त्यांना स्वतःलाच नऊ वाजता झोपायचं असतं. विद्यार्थी मोकळा होतो तो संध्याकाळी. त्याचं मन उघडतं ते रात्री साडेदहाला. त्याला शनिवार-रविवार मोकळा असतो. म्हणजे तुमचं मूल शाळेतून, पाळणाघरातून घरी येतं त्याच घटकेला तुमचा कामाचा दिवस सुरू होतो. त्यात दर तीन-चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात. ज्याला घडवलं तो पदवी घेऊन जातो, नव्या चेहऱ्यांपासून पुन्हा श्रीगणेशा. विद्यार्थी कायम विशीचे राहतात, आपलं वय मात्र वाढत जातं. पंचविशीत जी दिनचर्या झेपत होती तीच चाळिशीत चालवत राहायचा मोह होतो, कारण समोरचे चेहरे तेवढेच तरुण दिसतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते. विद्यार्थ्यांना आपण हवे असतो. ते प्रश्न विचारतात, वहीत लिहून घेतात, रडतात, बदलतात. घरात कुणी वहीत लिहून घेत नाही. घरात कचरा टाकायचा असतो आणि ओला टॉवेल गादीवरून उचलायचा असतो. मला बाहेर जो मान मिळत होता त्याची मला सवय लागली होती. त्या ओढीला मी बरीच वर्षं ‘आत्म्यांचं ओझं’ म्हणत होतो. त्यात ओझं होतंच, पण सगळं ओझं नव्हतं.

शास्त्रात याचं सर्वांत बोचरं उदाहरण एली या याजकाचं आहे. आपण शमुवेलाच्या पाचारणाची, म्हणजे देवानं त्याला सेवेसाठी बोलावल्याची, गोष्ट सांगतो, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे त्या मुलाला शिकवणारा एलीच होता. दुसऱ्याचं लेकरू त्यानं इतकं छान घडवलं! आणि त्याच अध्यायात देव सांगतो की एलीचे मुलगे स्वतःवर शाप ओढवून घेत असताना त्यानं त्यांना आवरलं नाही. पुढे शमुवेलाचे मुलगे, योएल आणि अबीया, तेही लाच घेणारे निघाले. गुरूनं जे घरी केलं नाही ते शिष्यालाही जमलं नाही. आपले विद्यार्थी आपल्याकडून बायबल अभ्यास घ्यायला शिकतात आणि घराकडे पाठ कशी फिरवायची तेही शिकतात. काही वर्षांनी माझेच दोन विद्यार्थी पूर्णवेळ सेवेत आले. त्यांच्या बायकांच्या चेहऱ्यावर मी तेच पाहिलं जे माझ्या घरात पाहिलं होतं. तेव्हा खरा हादरलो.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा अठरावा अध्याय तुम्ही पुढारीपणाच्या वर्गात शिकवला असेल. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसतो, सासरा इथ्रो त्याला म्हणतो की तू थकशील आणि हे लोकही थकतील, मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले जातात. आपण हा धडा तेराव्या वचनापासून शिकवतो. एकदा पहिल्या वचनापासून वाचा. मोशेनं बायकोला माहेरी पाठवून दिलेलं होतं. इथ्रो येतो तो सिप्पोराला आणि दोन्ही मुलांना, गेर्षोम आणि अलियेजर यांना, घेऊन. आधी तो जावयाच्या हाती त्याचं कुटुंब परत देतो, मग दुसऱ्या दिवशी त्याचं काम बघतो आणि म्हणतो, हे तू करतोस ते ठीक नाही. काम वाटून देण्याचा तो सगळा सल्ला ज्या माणसाला मिळाला त्याचं बिऱ्हाड आदल्या दिवशीच परत आलं होतं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

विद्यार्थी-चळवळीच्या इतिहासातली दोन भावांची गोष्टही आठवते. १७२९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स वेस्ली यांनी मित्रांचा एक छोटा गट सुरू केला. एकत्र शास्त्रवाचन, प्रार्थना, पुढे तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असं त्याचं काम होतं. थोरले भाऊ जॉन लवकरच त्याचे पुढारी झाले, आणि इतर विद्यार्थी चिडवून त्या गटाला ‘होली क्लब’ म्हणू लागले. म्हणजे दोघेही आपल्याच मुशीतले. जॉन यांनी १७५१ मध्ये मॉली व्हॅझील या विधवेशी लग्न केलं आणि त्याच सुमारास लिहून ठेवलं की लग्न झालं म्हणून उपदेशकानं एक प्रवचन किंवा एक दिवसाचा प्रवासही कमी करता कामा नये. ते शब्दाला जागले. संसार टिकला नाही. १७८१ मध्ये मॉली वारल्या, आणि त्यांचं दफन झाल्याचं जॉन यांना एक-दोन दिवसांनी कळलं. दोष एकट्या जॉन यांचा होता असं मी म्हणणार नाही, त्या लग्नात इतरही गाठी होत्या. पण धाकटे चार्ल्स पाहा. १७४९ मध्ये त्यांनी सॅरा ग्विन यांच्याशी लग्न केलं, काही वर्षांनी लांबचे दौरे जवळजवळ थांबवले आणि ब्रिस्टलला संसार केला. त्यांनी हजारो गीतं लिहिली, त्यातली कितीतरी आजही जगभरच्या मंडळ्या गातात. आपण पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगताना घोड्यावरून कापलेले मैल मोजतो. चार्ल्स यांची देवानं उपेक्षा केली असं तर दिसत नाही.

आता शिबिराकडे पुन्हा येतो. तुम्ही लिहिलंय, ‘मी नसलो तर कोसळेल.’ मला वाटतं तुम्ही हे मनापासून लिहिलंय. पण विद्यार्थ्यांची सेवा मुळात कशी उभी राहिली ते आठवा. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथल्या प्रार्थनेतून अमेरिकेतल्या परदेशी मिशनकार्याची सुरुवात झाली असं मानतात. १८७७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी आपली ख्रिस्ती संघटना उभी केली. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मनला सुमारे अडीचशे विद्यार्थी महिनाभर जमले. बोलावणारे सुवार्तिक डी. एल. मूडी होते, पण मिशनसेवेची ठिणगी टाकली रॉबर्ट वाइल्डर या प्रिन्स्टनच्या तरुणानं आणि त्याच्या सोबत्यांनी, आणि शेवटी शंभर जणांनी सेवेसाठी नावं दिली. गंजीच्या आडोशाला कुणी पूर्णवेळ सेवक बसलेला नव्हता. विद्यार्थ्यांची चळवळ विद्यार्थ्यांनी चालवायची असते, आपण कडेला उभं राहायचं असतं. ज्या गटात सगळं सेवकावर चालतं त्या गटात विद्यार्थी प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक पदवी मिळाली की उठून जातात.

म्हणून तुमचं नसणं हे त्या शिबिराचं नुकसान नाही. सकाळच्या मननाची सूत्रं शेवटच्या वर्षाच्या दोघांकडे द्या. गटचर्चांचं साहित्य आजच हातावेगळं करा. वैयक्तिक समुपदेशनासाठी दुसऱ्या कॅम्पसच्या अनुभवी सेवकाला किंवा विश्वासातल्या पाळकाला विनंती करा. पैशांचा हिशेब आणि राहण्याची व्यवस्था अशा माणसाकडे द्या ज्याला अडलं तर विचारायला लाज वाटत नाही. फोन शिबिराच्या बाजूनं बंद ठेवा, म्हणजे खरोखर बंद. रोज रात्री ‘कसं झालं’ विचारत बसलात तर अंगानं घरी आणि मनानं शिबिरात असाल, आणि बाळंतीण बाईला ते न सांगता कळतं. वरिष्ठांना लिहून कळवा की मी येत नाही. ‘प्रार्थना करतोय’ असं गुळमुळीत लिहू नका. लेकराच्या जन्माला बापानं हजर राहावं का, यासाठी वेगळ्या प्रकटीकरणाची वाट पाहायची नसते.

आता रोजचं. मी दिवसाचं वेळापत्रक करायचा नाद सोडला, कारण कॅम्पसचा दिवस हातात राहत नाही. वर्ष मात्र राहतं. प्रवेश झाल्यावरचे पहिले पाच-सहा आठवडे प्रचंड धावपळीचे, कारण नवा विद्यार्थी त्याच काळात आपली संगत निवडतो. परीक्षांच्या काळात कुणाला तुमची गरज नसते. सुट्ट्यांत शिबिरं. हे चक्र दरवर्षी तेच आहे. मग ते घरी आधी का सांगू नये? आम्ही सत्र सुरू व्हायच्या आधी दोघं कॅलेंडर घेऊन बसू लागलो. हे सहा आठवडे जड आहेत, अमुक तारखेला संपतील, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी चार संध्याकाळी घरी. पत्नीला जड आठवड्यांचा त्रास कमी झाला नाही, पण त्याला शेवट आहे हे दिसू लागलं. तारीख पाळायची मात्र. एकदा मोडलीत की पुढच्या वर्षी तुमच्या कॅलेंडरवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच आहे.

शिबिरावरून परत येण्याबद्दल एक. आपण येतो ते भरून आलेले असतो, डोळ्यांत साक्षी, म्हणजे देवाचे आलेले अनुभव, ओठांवर गाणी. घरातलं माणूस त्याच दिवसांत एकट्यानं लेकरं सांभाळून रितं झालेलं असतं. पहिल्या संध्याकाळी साक्षी सांगू नका. बॅग ठेवा, लेकराला घेऊन बाहेर जा आणि तिला झोपू द्या. आपले धुवायचे कपडे स्वतः धुवा. गाणी दुसऱ्या दिवशी.

रात्रीचे फोन. यात मी दोन्ही टोकाच्या चुका केल्या आहेत, म्हणून नीट लिहितो. जिवाला धोका, मारहाण, अत्याचार, स्वतःला इजा करण्याचं बोलणं, दवाखाना: यासाठी कितीही वाजता उठायचं, घरच्यांना सांगून जायचं, एकट्यानं जायचं नाही, आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टर, समुपदेशक, विद्यार्थ्याच्या घरचं कुणी विश्वासाचं माणूस यांना सोबत घ्यायचं. आत्महत्येचा विचार करणाऱ्या मुलाचा एकमेव आधार आपण होऊन बसणं हे त्याच्यासाठीही धोक्याचं आहे. बाकी सगळं सकाळी. मैत्रीतली भांडणं, नेमणुकीचे रुसवे, ‘देवाची इच्छा कशी ओळखायची’ हे प्रश्न सकाळी दहालाही तेवढेच खरे असतात, बहुधा जास्त नीट बोलता येतात. हे विद्यार्थ्यांना सत्राच्या पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा. ते दुखावत नाहीत. उलट त्यांना दिसतं की या माणसाच्या घराला दार आहे.

दाराबद्दल. घर उघडं ठेवणं ही मोठी सेवा आहे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याची नावं नव्या करारात सहा वेळा येतात आणि सहाही वेळा दोघांची एकत्र. अपुल्लोस हा बुद्धिमान, आवेशी तरुण एका बाबतीत कमी पडतोय हे दिसल्यावर त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. इथे दोघांनी मिळून शिकवलंय, नवरा बोलतोय आणि बायको आत कप विसळतेय असं चित्र नाही. आमच्याकडे मात्र अनेक वर्षं तेच होतं. एका रात्री मुलीला ताप होता, अभ्यास संपला, सगळे गेले, आणि मी एका विद्यार्थ्याबरोबर फाटकाशी उभा राहून प्रार्थना करत होतो. आत आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बेसिनमध्ये सतरा कप होते. पत्नी एका हातानं मुलीला खांद्यावर धरून दुसऱ्या हातानं नळाखाली कप धरत होती. ती रागावली नाही. म्हणाली, ‘तू त्याच्याशी पाऊण तास बोललास. माझ्याशी आज तू तीन वाक्यं बोलला आहेस, तिन्ही कपांबद्दल होती.’

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. घरी येणं आठवड्यातून दोनच संध्याकाळी, साडेनऊला शेवटची प्रार्थना. कप विद्यार्थी धुणार, तेही शिष्यत्वच आहे. मुलीची खोली बंद, तिची खेळणी, तिचा टेबल कुणी वापरणार नाही. घरी बोलावण्याआधी पत्नीला विचारायचं, कळवायचं नाही. विचारणं आणि कळवणं यातला फरक आम्हा सेवकांना फार उशिरा समजतो.

मुलीची गोष्ट सांगताना तिची परवानगी घेतली, ती याच नियमामुळे. सेवकाची मुलं नकळत प्रवचनातली उदाहरणं होतात. त्यांचं अडखळणं, त्यांचे भाबडे प्रश्न, त्यांची पहिली प्रार्थना, सगळं शंभर अनोळखी तोंडांपर्यंत पोचतं. प्रार्थनापत्रात, म्हणजे आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना धाडायच्या पत्रात, त्यांचे फोटो जातात. मूल बोलायला लागलं की त्याला विचारा, आणि नाही म्हणालं तर ते नाही. ते मोठं झालं की आणखी एक अपेक्षा टाळा: शिबिरात पहिल्या रांगेत बसायची. त्याला शंका येतील, त्या आपल्यापेक्षा दुसऱ्या कुणा विश्वासातल्या मोठ्या माणसापाशी बोलायची मोकळीक द्या. इतरांच्या मुलांना आपण हेच देतो ना?

गुप्ततेचा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. विद्यार्थ्यानं विश्वासानं सांगितलेलं आपण पत्नीला सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण मग रात्री जड मनानं घरी आलेला नवरा गप्प का आहे हे तिला कळत नाही, आणि तिला वाटतं हे माझ्यामुळे आहे. गोष्ट न सांगता वजन सांगता येतं. ‘आज एक फार दुःखाचं ऐकलं, सांगता येणार नाही, पण मी थकलोय’ एवढं पुरतं. कुठे होतात आणि कुणाबरोबर होतात हे मात्र तिला नेहमी माहीत असावं. विद्यार्थिनीशी बोलायचं तर उघड्यावर, लोक दिसतील अशा जागी, आणि शक्य तिथे एखाद्या सेविकेकडे सोपवून. कुणाबद्दल पत्नीला अवघडल्यासारखं वाटलं तर वाद घालू नका. माझ्या अनुभवात तिचं कान टोचणं बहुतेक वेळा रास्त निघालं.

पैशांचं थोडक्यात. आपला निर्वाह देणाऱ्यांवर चालतो. किती येतं, किती कमी पडतं हे दोघांनाही माहीत हवं. पत्नी नोकरी करत असेल तर तिच्या पगारावर तुमची सेवा चाललीय हे उघड म्हणा, प्रार्थनापत्रातही लिहा. महिनोन्महिने तूट असेल तर संस्थेला सांगा. लेकराची फी थकणं ही तुमच्या विश्वासाची कसोटी समजू नका. विमा आणि थोडी बचत हा अविश्वास नव्हे.

आणि तिचं पाचारण? तुम्ही लिहिलंय की तुमची भेट विद्यार्थी गटातच झाली आणि ती तेव्हा गटाची प्रमुख होती. मूल झाल्यावर ती ‘सेवकाची पत्नी’ झाली. हे आपल्याकडे इतकं सर्रास घडतं की दिसतही नाही. तिला विचारा की तिला आज काय करावंसं वाटतं, आणि उत्तर विश्रांती असेल तर तेही उत्तरच आहे. बाळ थोडं मोठं झालं की आठवड्यातली एक संध्याकाळ तिची, तुम्ही दोन्ही लेकरांपाशी. ज्या बहिणी स्वतः पूर्णवेळ सेविका आहेत त्यांना तर याच्या दुप्पट सोसावं लागतं. नवरा शिबिराला गेला तर त्याला निष्ठावान म्हणतात, ती गेली तर ‘लेकरांचं कोण बघतं?’ विचारतात. आपण संस्थेत बसतो तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारायचा किंवा कुणालाच नाही.

मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती तेव्हा येशू त्यांना एकांतात चला म्हणतो. बेत फसतो, लोक आधीच तिथे पोचलेले असतात, आणि त्याला त्यांचा कळवळा येतो. असं आपलंही होणार, ठरवलेली सुट्टी कधी कधी मोडणार. पण थोडं पुढे वाचा: लोक जेवून तृप्त झाल्यावर तो शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवतो आणि जमावाला स्वतः निरोप देतो. निरोप द्यायला तो संकोचला नाही. आठवड्याचा एक पूर्ण दिवस तुम्हीही असा निरोप देऊन मोकळा ठेवा. रविवारी सभा असेल तर दुसरा वार धरा, पण मूल शाळेत असतं तो वार धरून ‘कुटुंबाला दिवस दिला’ असं म्हणू नका, तो फार तर पत्नीबरोबरचा दिवस झाला.

काहींच्या बाबतीत हे सगळं करूनही जमत नाही. आजारपण असतं, मूल विशेष गरजांचं असतं, लग्नालाच तडे गेलेले असतात. मग काही वर्षं कॅम्पस सोडावा. मी दोन सेवकांना तसं सुचवलं, त्यातल्या एकानं ऐकलं. त्यानं पाचारण टाकलं असं मी कधीच मानलं नाही. ज्यानं ऐकलं नाही त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही, ती त्याच्या घराची गोष्ट आहे.

आज रात्री हे उत्तर पत्नीला वाचून दाखवू नका. मुलगा झोपल्यावर तिच्यापाशी बसा आणि सांगा, ‘मी शिबिराला जात नाही, ठरलंय.’ ‘तुझ्यासाठी जात नाही’ असं म्हणू नका, त्याचं ओझं तिच्यावर पडतं. मग विचारा, या सहा वर्षांत तुला कधी एकटं वाटलं? ती एकदम बोलणार नाही. थांबा. बोलायला लागली की मध्ये खुलासा करू नका, वचन सांगू नका, तारखा दुरुस्त करू नका. विद्यार्थ्यांचं जसं ऐकता तसं ऐका.

आणि बाळाची बातमी कळवा. शिबिराची नंतर कळवलीत तरी चालेल.